वाकड्यातिकड्या स्लॅबकडेचा भार बीमवर नेमका कसा टाकायचा

सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधला एकूण उभा भार हातच्या हिशेबाशी जुळला, की बहुतेक जण निश्चिंत होऊन पुढच्या कामाला लागतात. पॅनेल (बीमनी वेढलेले स्लॅबचे भाग) आयताकृती असतील तर ते चालूनही जातं. स्लॅबची कड तिरकी, वक्र किंवा दातेरी असेल आणि ती बीमच्या बाहेर कमीजास्त झुकलेली असेल, तर मात्र एकूण बेरीज तंतोतंत जुळूनही कडेचा बीम एका टोकाला सुमारे सोळा टक्के कमी भारावर डिझाइन झालेला असू शकतो. हे कसं होतं ते खाली आकड्यांनी दाखवतो आणि ते टाळायला मॉडेल कोणत्या क्रमाने बांधायचं तेही सांगतो. उदाहरणं स्टॅड प्रो आणि ईटॅब्स हे इमारतींच्या सांगाड्याचा हिशेब करणारे प्रोग्रॅम डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, पण तर्क कोणत्याही प्रोग्रॅमला लागू पडतो.

आधी तीन रेषा वेगळ्या काढा

प्लॅनवर कड एकच दिसते. भाराच्या हिशेबात तिथे तीन रेषा असतात: बीमची मध्यरेषा, स्लॅबची बाहेरची कड आणि त्यावर उभ्या भिंतीची, पॅरापेटची किंवा काचेच्या दर्शनी भागाची रेषा. सॉफ्टवेअरला फक्त पहिली रेषा आपोआप कळते. उरलेल्या दोन तुम्ही सांगितल्या नाहीत, तर ते तिन्ही एकच धरतं. म्हणून ड्रॉइंग आयात करण्याआधी प्रत्येक कडेच्या बीमसाठी एक छोटं रेखाचित्र काढा. बीमच्या दोन्ही टोकांना आणि कड जिथे दिशा बदलते त्या प्रत्येक ठिकाणी मध्यरेषेपासून स्लॅबकडेचं व भिंतीचं अंतर लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा हिशेब या अंतरांवर चालतो.

त्याच कागदावर स्लॅब कोणत्या दिशेने भार वाहतो तो बाण काढा. डेक शीट किंवा प्रीकास्ट फळ्या असतील तर दिशा ठरलेलीच असते. ओतीव स्लॅबमध्ये ती बाजूंच्या प्रमाणावर आणि सळ्यांच्या मांडणीवर ठरते. बीमच्या आतल्या बाजूला सलग स्लॅब आहे की तिथे डक्ट, जिना किंवा खाली बसवलेला स्लॅब आहे, हेही नोंदवा. टॉर्शनचा (बीमला पडणाऱ्या पिळाचा) निर्णय त्यावरच होणार आहे.

तिरका बीम: हिशेबातला मीटर कोणता?

एक सोपं पॅनेल घेऊ. आतला बीम सरळ, ६ मीटर लांब. समोरचा कडेचा बीम तिरका, म्हणजे एका टोकाला आतल्या बीमपासून ३ मीटर आणि दुसऱ्या टोकाला ४.५ मीटर. स्लॅब एकदिशीय, म्हणजे भार एकाच दिशेने, आतल्या बीमला काटकोनात वाहणारा. भार ६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.

स्लॅबची प्रत्येक पट्टी आपला अर्धा भार एकेका बीमला देते. आतल्या बीमवर म्हणून एका टोकाला ६ × १.५ = ९ आणि दुसऱ्या टोकाला ६ × २.२५ = १३.५ किलोन्यूटन प्रति मीटर असा चढत जाणारा भार येतो. बेरीज ६७.५ किलोन्यूटन.

कडेच्या बीमवरही ९ ते १३.५ लिहायचा मोह होतो. पण त्या बीमची स्वतःची लांबी ६ नसून ६.१८५ मीटर आहे, कारण तो तिरका आहे. पट्ट्यांची रुंदी आपण सरळ रेषेवर मोजली आणि भार मात्र तिरक्या लांबीवर पसरवतो आहोत. म्हणून तीव्रतेला ६ ÷ ६.१८५ = ०.९७ ने गुणायचं, म्हणजे ८.७३ ते १३.१०. आता बेरीज पुन्हा ६७.५ येते, आणि दोन्ही मिळून १३५. पॅनेलचं क्षेत्रफळ २२.५ चौ. मी., त्याला ६ ने गुणलं तरी १३५ च.

इथे फरक फक्त तीन टक्क्यांचा दिसतो. बीम ४५ अंशात गेला, तर हाच फरक ४१ टक्के होतो. मेंबर लोड (थेट बीमवर लिहिलेला भार) देताना भार बीमच्या खऱ्या लांबीवर धरला जातो की प्रक्षेपावर (सरळ रेषेवर पडणाऱ्या सावलीइतक्या लांबीवर), हे दोन पर्याय बहुतेक प्रोग्रॅममध्ये वेगळे असतात. पण प्रक्षेपाचा पर्याय साधारणपणे उतारावरच्या मेंबरसाठी असतो. प्लॅनमधल्या तिरकेपणाला तो उपयोगी पडत नाही, तो गुणक हातानेच लावावा लागतो.

स्लॅब दोन दिशांनी भार वाहत असेल, तर आयतातल्या ४५ अंशांच्या रेषांची जागा कोनदुभाजक घेतात. जो बिंदू ज्या बीमच्या सर्वांत जवळ, त्याचा भार त्या बीमला. सगळ्या कडांचे आधार सारखे असतील तोवर हा नियम पुरतो.

ऑटोमॅटिक फ्लोअर लोड आत काय करतो ते माहीत असू द्या

स्टॅड प्रोमधला फ्लोअर लोड (मजल्याचा भार आपोआप बीमवर वाटणारा आदेश) आयताकृती पॅनेलवर नेहमीचे त्रिकोण आणि समलंब बनवतो. पॅनेल आयत नसलं की पद्धत बदलते. बहुभुजाचा गुरुत्वमध्य काढून तो प्रत्येक कोपऱ्याशी जोडला जातो, आणि प्रत्येक बाजूवर पडलेल्या त्रिकोणाचा भार त्या बाजूला दिला जातो. गुरुत्वमध्यातून बाजूवर टाकलेला लंब बाजूच्या बाहेर पडत असेल, तर त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ घेऊन समान पसरलेला भार लावला जातो. बेरीज अर्थातच बरोबर येते. पण वाटणी कोनदुभाजकांच्या वाटणीशी जुळेलच असं नाही, आणि लांबट अणकुचीदार पॅनेलमध्ये ती चांगलीच वेगळी पडते.

आतल्या बाजूला घुसलेला कोपरा, म्हणजे १८० अंशांहून मोठा आतला कोन, ही दुसरी अडचण. असं पॅनेल एकसंध ठेवू नका. खऱ्या दुय्यम बीमच्या रेषेवर त्याचे बहिर्वक्र (कुठेही आत न घुसलेले) तुकडे करा. तिथे खरा बीम नसेल, तर त्या भागाचा भार हाताने मेंबर लोड म्हणून द्या.

ईटॅब्समध्ये प्रश्न वेगळा असतो. तिथे स्लॅब मेंब्रेन आहे की शेल, यावर सगळं ठरतं. मेंब्रेनला प्लेनबाहेरची ताठरता नसते, त्यामुळे भार भूमितीनुसार बीमवर वाटला जातो. शेल स्वतः वाकतो आणि ताठरतेप्रमाणे भार नेतो. काही भार बीमला वगळून थेट कॉलमकडे जातो आणि बीमचा मोमेंट (त्याला वाकवणारा परिणाम) कमी दिसतो. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. पण शेल वापरून बीमचा मोमेंट कमी घेतलात, तर स्लॅबच्या सळ्याही त्या शेलच्या मोमेंटवरच द्यायला हव्यात. एकदिशीय वाटणी निवडली तर भार एरियाच्या स्थानिक १ अक्षाच्या दिशेने जातो. तिरक्या पॅनेलमध्ये हा अक्ष आपोआप हवा तिकडे वळलेला असेल असं गृहीत धरू नका, तो स्क्रीनवर दाखवून तपासा आणि लागेल तसा फिरवा.

डमी मेंबरचा सापळा

बीमच्या बाहेर झुकलेल्या स्लॅबसाठी अनेक ठिकाणी हीच रीत दिसते: बीमच्या दोन टोकांच्या नोडमधून (जोडबिंदूंमधून) बाहेर दोन छोटे डमी मेंबर (प्रत्यक्षात नसलेले, फक्त मॉडेलमध्ये भार वाहायला काढलेले) काढायचे, त्यांची टोकं कडेच्या डमीने जोडायची आणि तयार झालेल्या बंद चौकटीवर फ्लोअर लोड टाकायचा. कडेच्या डमीवर भिंतीचा भार. स्क्रीनवर चित्र छान दिसतं आणि बेरीज जुळते.

आता भार कुठून कुठे जातो ते बघा. कडेच्या डमीवरचा भार त्याच्या दोन टोकांना जातो, तिथून छोट्या डमींमधून मागे येऊन बीमच्या टोकांच्या नोडवर, म्हणजे थेट कॉलमवर उतरतो. बीमच्या मधल्या भागाला भिंतीचा पत्ताच लागत नाही. प्रत्यक्षात ती भिंत स्लॅबवर आणि स्लॅब बीमच्या पूर्ण लांबीवर बसलेला असतो. इथे मॉडेलने बीमला सर्वांत जास्त वाकवणारा भारच त्याच्यावरून काढून घेतला.

यातून बाहेर पडायचे तीन मार्ग आहेत. पहिला, ओव्हरहँगचा (बीमच्या बाहेर गेलेल्या स्लॅबचा) भार हाताने काढून थेट बीमवर समलंब भार म्हणून देणं. मला हाच पसंत आहे, कारण नंतर तपासणारा माणूस तो वाचू शकतो. दुसरा, ओव्हरहँगसाठी शेल वापरून जाळी बारीक करणं. त्यात बीमही जाळीच्या नोडवर तुकड्यांत विभागला गेला पाहिजे किंवा प्रोग्रॅमचा एज कन्स्ट्रेंट (शेलची कड बीमला लांबीभर जोडून ठेवणारी सोय) चालू असला पाहिजे, नाहीतर शेल बीमला फक्त टोकांनाच जोडलेला राहतो. तिसरा, डमी ठेवायचेच असतील तर चौकटीला एकदिशीय लोड देऊन दिशा बीमला काटकोनात ठेवणं. तरीही कडेच्या डमीवर येणारा अर्धा भार टोकांनाच जाईल, म्हणून बीमवर दर मीटरला एक आडवा डमी लागतो. डमीची घनता शून्य ठेवा. त्यांची ताठरता हास्यास्पद कमी ठेवली तर टोकाला मीटरभर विक्षेप किंवा अस्थिरतेचा इशारा दिसेल, म्हणून स्लॅबच्या तेवढ्या पट्टीइतकी ताठरता द्या.

ओव्हरहँगचा खरा हिशेब

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सावकाश जाऊ.

आतला बीम आणि कडेचा बीम समांतर, दोन्ही ५ मीटर लांब, मधलं अंतर ३ मीटर. स्लॅब कडेच्या बीमवरून सलग बाहेर गेला आहे, एका टोकाला ०.३ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.२ मीटर. कड सरळ पण तिरकी. स्लॅबवर ६ किलोन्यूटन प्रति चौ. मी. आणि कडेवर भिंतीचे ८ किलोन्यूटन प्रति मीटर. भिंतीची खरी लांबी ५.०८ मीटर, म्हणून बीमच्या दर मीटरला ८.१३.

नेहमीची पद्धत अशी: अर्धा स्पॅन (दोन बीममधलं अंतर), अधिक ओव्हरहँग, अधिक भिंत. अरुंद टोकाला ९ + १.८ + ८.१३ = १८.९३. रुंद टोकाला ९ + ७.२ + ८.१३ = २४.३३.

पण सलग स्लॅबची पट्टी ही दोन आधारांवरची, एका बाजूला बाहेर आलेली तुळई आहे. बाहेरचा भार कडेच्या आधाराभोवती तिला फिरवू बघतो, आणि ते रोखण्यासाठी कडेच्या आधाराची प्रतिक्रिया वाढते तर आतल्याची तेवढीच घटते. स्पॅनला ल, ओव्हरहँगला क, स्लॅबवरच्या भाराला भ आणि भिंतीच्या भाराला प म्हटलं, तर कडेच्या बीमवर जास्तीचा भार येतो:

भ × क² ÷ (२ × ल) + प × क ÷ ल

रुंद टोकाला हे ६ × १.४४ ÷ ६ = १.४४ आणि ८.१३ × १.२ ÷ ३ = ३.२५. म्हणजे तिथली खरी तीव्रता २४.३३ नसून २९.०२ आहे, वीस टक्क्यांना जेमतेम कमी इतकी जास्त. अरुंद टोकाला १९.८३. मॉडेलमध्ये कडेच्या बीमवर १९.८३ ते २९.०२ असा समलंब भार द्या. मधे क² मुळे आलेख किंचित खाली वळतो, पण सरळ रेषा धरली तर चूक एका टक्क्याहून कमी आणि सुरक्षित बाजूला राहते.

आतल्या बीमवर ९ च्या जागी अरुंद टोकाला ८.१० आणि रुंद टोकाला ४.३१ उरतात.

आता दोन्ही पद्धतींची बेरीज करून बघा. स्लॅब १८.७५ चौ. मी. म्हणजे ११२.५, भिंत ४०.६, एकूण १५३.१ किलोन्यूटन. खऱ्या हिशेबातही १५३.१ आणि नेहमीच्या पद्धतीतही १५३.१. भार हरवलेला नाही, चुकीच्या बीमवर गेला आहे. म्हणूनच केवळ एकूण उभा भार जुळणं याला मी पुरावा मानत नाही.

टॉर्शन: कुणाकडे जाणार ते ठरवूनच मॉडेल करा

नेहमीच्या पद्धतीत जो मोमेंट गाळला जातो, तो या उदाहरणात पूर्ण बीमभर मिळून ४० किलोन्यूटन-मीटर भरतो. तो कुणीतरी घ्यायलाच हवा. आत सलग स्लॅब असेल आणि वरच्या सळ्या पुरेशा आत नेलेल्या असतील, तर तो मोमेंट स्लॅब घेतो आणि वरचा हिशेब लागू होतो. अशा वेळी बीमवर वाढीव उभा भार आणि त्याशिवाय पूर्ण टॉर्शन, असं दोन्ही टाकू नका, तो एकच मोमेंट दोनदा मोजल्यासारखं होईल.

आत डक्ट किंवा जिना असेल, तर मोमेंट घ्यायला मागे काहीच नाही. मग उभा भार फक्त ओव्हरहँगचा आणि भिंतीचा, पण टॉर्शन पूर्ण: दर मीटरला भ × क² ÷ २ अधिक प × क. हे समतोलासाठी आवश्यक टॉर्शन आहे. बीमची टॉर्शनल ताठरता कमी करून किंवा टोकाला टॉर्शन रिलीज (तिथून पीळ पुढे जाऊ न देणारी मोकळीक) देऊन ते घालवता येत नाही. तडे गेल्यावर ताठरता कमी धरण्याची मुभा फक्त तिथे, जिथे मोमेंटला दुसरी वाट आहे. एकाच बीमच्या अर्ध्या भागामागे स्लॅब आणि अर्ध्यामागे डक्ट असेल, तर बीम तिथे नोड देऊन तोडा आणि दोन भागांना वेगळे भार द्या.

वक्र आणि दातेरी कडा

वक्र कडेचे सरळ तुकडे करायला हरकत नाही. जीवा आणि कंस यांतलं सर्वांत मोठं अंतर साधारण जीवेचा वर्ग भागिले आठ त्रिज्या. १० मीटर त्रिज्येवर २ मीटरची जीवा घेतली तर ५० मिमी. त्या तुकड्यामागे सुटलेलं क्षेत्रफळ ०.०७ चौ. मी. च्या आसपास असतं. भारासाठी एवढं पुरे, दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करून नोड वाढवू नका.

बीम स्वतःच वक्र असेल तर गोष्ट निराळी. ६ मीटरवरचे कॉलम आणि १० मीटर त्रिज्या असेल, तर बीमचा मध्य कॉलम जोडणाऱ्या रेषेपासून सुमारे ४६ सें.मी. बाहेर असतो. तो सरळ काढलात तर त्यातलं टॉर्शन दिसणारच नाही. तुकडे करून वक्र ठेवा, आणि मधल्या नोडवर कोणतंही रिलीज चुकूनही राहू देऊ नका.

दातेरी कडेला सरासरी ओव्हरहँग घेऊन मोकळं होता येतं, पण सरासरी नेमकी कशाची हे महत्त्वाचं. समजा निम्म्या लांबीत ०.३ आणि निम्म्या लांबीत ०.९ मीटर असे आलटून पालटून दाते आहेत. ओव्हरहँगची सरासरी ०.६, तिचा वर्ग ०.३६. मोमेंटसाठी मात्र वर्गांची सरासरी हवी, ती ०.४५ येते, म्हणजे २५ टक्के जास्त. उभ्या भारासाठी क ची सरासरी, मोमेंटसाठी क² ची. स्पॅनमध्ये एक-दोनच मोठे दाते असतील तर सरासरीच्या फंदात न पडता भाराचे तुकडे त्या त्या अंतरावर सुरू आणि बंद करा. आणि दात्यांच्या आडव्या बाजूंवरही भिंत असते, तिची लांबी सुटायला नको.

तपासणी: बेरीज, मग मोमेंट

मॉडेलमध्ये एक जादा लोड केस ठेवा, सगळ्या मजल्यावर फक्त १ किलोन्यूटन प्रति चौ. मी. डिझाइनमध्ये तो घ्यायचा नाही. या केसची एकूण प्रतिक्रिया म्हणजे मजल्याचं क्षेत्रफळ. ते ड्रॉइंगवरच्या क्षेत्रफळाशी जुळलं नाही, तर कुठलं तरी पॅनेल रिकामं राहिलं आहे किंवा दोनदा भरलं आहे. एका बीमवर आलेली बेरीज म्हणजे त्या बीमच्या वाट्याचं क्षेत्रफळ. वरच्या ओव्हरहँगच्या उदाहरणात कडेच्या बीमला ११.७८ चौ. मी. यायला हवेत. ११.२५ दिसले, तर ओव्हरहँगचा मागे जाणारा परिणाम सुटला आहे.

नंतर मोमेंटची तपासणी. आतल्या बीमच्या रेषेभोवती सगळ्या भारांचा मोमेंट काढा. उदाहरणात तो स्लॅबचा २१२ आणि भिंतीचा १५२.४, मिळून सुमारे ३६४ किलोन्यूटन-मीटर. कडेच्या बीमवरचा एकूण भार गुणिले ३ मीटर, अधिक मॉडेलमध्ये बीमला दिलेलं टॉर्शन, यांची बेरीज तेवढीच यायला हवी. नेहमीच्या पद्धतीत ती ३२४ येते, आणि हरवलेले ४० तिथेच उघडे पडतात.

शेल वापरले असतील तर स्लॅबचं स्वतःचं वजन सेल्फवेटमध्ये आलं आहे का आणि एरिया लोडमध्येही पुन्हा टाकलं आहे का, हे या तपासणीत लगेच दिसतं.

शेवटी लाइव्ह लोडच्या (माणसं, सामान अशा बदलत्या भाराच्या) जागा. कडेच्या बीमसाठी ओव्हरहँग आणि आतला स्पॅन दोन्ही भरलेले धरा. आतल्या बीमसाठी फक्त आतला स्पॅन भरलेला आणि ओव्हरहँग रिकामा. भिंतीमुळे आतल्या बीमला मिळणारी सूट डिझाइनमध्ये घेऊ नका. भिंत चढायच्या आधी स्लॅबवर सामान रचलेलं असू शकतं आणि पुढे कधी ती भिंत काढलीही जाऊ शकते. तेव्हा त्या बीमवर रुंद टोकाला ४.३१ च्या जागी किमान ७.५६ येणार आहेत, आणि ओव्हरहँग रिकामा असेल तर त्याहूनही जास्त. याउलट ओव्हरहँग स्पॅनच्या निम्म्याहून मोठा असेल, तर आतल्या टोकाला स्लॅब उचलला जातो का, हे कायमस्वरूपी भाराचा कमी गुणक आतल्या स्पॅनवर लावून बघा, आणि उचलला जात असेल तर त्या बीमशी स्लॅब सळ्यांनी बांधण्याचा तपशील ड्रॉइंगवर दाखवा.